आग रामेश्वरी, टॉवर सोमेश्वरी

इंदूरमध्ये मे महिन्यात कुणी 'कूलर बिघडला' म्हणालं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे खिडकीत बसवलेला, गवताच्या पडद्यांचा, टपटप पाणी गाळणारा पत्र्याचा खोका येतो. संगणकाच्या पोटातल्या कूलरला इथं सहसा कुणी कूलर म्हणत नाही. तो 'सीपीयू फॅन'. जुना डेस्कटॉप काखोटीला मारून जेल रोडवर किंवा आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये गेलेल्या माणसाच्या कानावर हा शब्द पडतो आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेला सल्ला येतो : "भिया, ये डिब्बे वाला फैन तो कचरा है, टॉवर लगवा लो."

सल्ला आत्मविश्वासानं दिलेला असतो आणि बहुतेक वेळा चुकीचा असतो.

सल्ला देणाऱ्यांची बाजू आधी धडपणे मांडायला हवी. त्यांचं म्हणणं असं, की प्रोसेसरबरोबर डब्यात मिळणारा पंखा कंपनीनं खर्च वाचवून बनवलेला असतो. यंत्र म्हातारं झालं की प्रोसेसर जास्त तापू लागतो. तेव्हा उष्णता वाहून नेणाऱ्या तांब्याच्या नळ्यांचा, १२० मिलिमीटर पंख्याचा उंच टॉवर बसवावा आणि ऐपत असेल तर पाण्यावर चालणारा घ्यावा, कारण मोठा कूलर कधी वाया जात नाही. ऐकायला हे बिनतोड वाटतं. नव्या, दणकट यंत्रांच्या बाबतीत ते खरंही आहे. इंटेलचा कोअर आय९-१३९००के पूर्ण जोरात चालताना २५३ वॉटपर्यंत वीज ओढतो, एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सवर १७० वॉट असा आकडा असतो. तिथे टॉवर ही चैन नाही, गरज आहे.

पण रामबाग, लोकमान्य नगर, राजेंद्र नगर या भागांतल्या घरांतून, कर सल्लागारांच्या कचेऱ्यांतून आणि भंवरकुआँच्या शिकवण्यांतून जे डेस्कटॉप दुरुस्तीला येतात ते या जातीचे नसतात. कोअर २ ड्युओ ई७४०० घ्या, ६५ वॉट. २०११ चा कोअर आय३-२१२०, तोही ६५. त्याच वर्षीचा आय५-२४००, ९५ वॉट. २०१२ चा आय५-३४७०, ७७ वॉट. पेंटियम जी२०३० तर अवघा ५५ वॉटचा. घरातल्या जुन्या पद्धतीच्या साठ किंवा शंभराच्या बल्बएवढी ही उष्णता. ती वाहून नेण्यासाठी डब्यातला पंखा पुरत होता, म्हणूनच यंत्र आठ-दहा वर्षं विनातक्रार चाललं. दहा वर्षं चाललेली वस्तू अकराव्या वर्षी अचानक 'कचरा' कशी ठरते, याचं उत्तर टॉवरवाल्यांनी द्यायला हवं.

ते देतात ते उत्तर वयाचं. आणि तिथेच त्यांचा पाया कच्चा आहे. माणसाचे सांधे वयानं दुखतात, तसा प्रोसेसर वयानं तापत नाही. तेच काम करताना तीच चिप जवळपास तेवढीच उष्णता देते. काळ बदलला तो दोन बाबतींत. एक म्हणजे काम वाढलं. दहा वर्षांपूर्वीचं इंटरनेटचं पान आणि आजचं पान यांच्या वजनात जमीनअस्मानाचं अंतर आहे, त्यामुळे जुना प्रोसेसर पूर्वी क्वचित धापा टाकायचा तो आता दिवसभर टाकतो. हे मान्य. दुसरी गोष्ट मात्र कूलर विकणारा सहसा सांगत नाही : उष्णता बाहेर जायची वाट बुजली.

ही वाट बुजते म्हणजे काय होतं, ते एखाद्या शेव-फरसाणाच्या दुकानातला बिलाचा संगणक उघडला की दिसतं. कॅबिनेट गल्ल्याखाली, पायाशी. दहा पावलांवर कढई. वर गल्ल्यावर सकाळ-संध्याकाळ उदबत्ती. बाजूचं पान काढलं की पंख्याची पाती तपकिरी झालेली दिसतात. बोट लावलं तर चिकट. पंखा सोडवून खाली पाहावं तर हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता हवेत सोडणाऱ्या ठोकळ्याच्या, ॲल्युमिनियमच्या पाकळ्या दिसतच नाहीत. त्यांच्यावर नमद्यासारखा थर बसलेला असतो, धूळ आणि तेलाची वाफ यांचा, इतका घट्ट की टोकानं उचलला तर गोल चकतीसारखा अख्खा निघून येतो. पंखा त्यावर इमानेइतबारे हवा मारत असतो आणि हवा त्या चकतीवर आपटून परत फिरत असते. अशा यंत्राच्या मालकाला टॉवर विकणं म्हणजे नाक चोंदलेल्या माणसाला नवं नाक बसवून देणं. शिवाय कढई तिथेच, उदबत्ती तिथेच. नव्या टॉवरच्या पाकळ्यांवर तोच नमदा पुन्हा चढणार.

स्वच्छ सर्वेक्षणात इंदूर २०१७ पासून सातत्यानं अव्वल राहिलं. रस्ते रात्री झाडले जातात, घराघरांतून कचरा वेगवेगळा गोळा होतो, आणि त्याच घरांमधल्या कॅबिनेटना दहा दहा वर्षं कुणी हात लावलेला नसतो.

टॉवरवाल्यांचा युक्तिवाद आकड्यांत तपासून पाहता येतो, आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. हिशेब असा : कॅबिनेटमधल्या हवेचं तापमान, अधिक वॉट गुणिले कूलरचा अडथळा. अडथळा म्हणजे दर वॉटमागे प्रोसेसर हवेपेक्षा किती अंश वर चढतो तो आकडा. नमुन्यादाखल धरू, की बाहेर ४२ अंश आहे, खोलीत ३८, कॅबिनेटमध्ये ४४ आणि प्रोसेसर ६५ वॉटचा. डब्यातल्या स्वच्छ कूलरचा अडथळा अर्धा अंश धरला तर प्रोसेसर साधारण ७६ अंशांवर थांबतो. तोच कूलर धुळीनं चोंदून अडथळा ०.८ झाला, की आकडा ९६. आता यंत्र अडखळू लागणार. चांगला टॉवर बसवून अडथळा पाव अंशावर आणला तर ६०.

टॉवरवाले या ६० कडे बोट दाखवतात. ९६ वरून ६० ! केवढी करामत ! पण त्यातले २० अंश ब्रशनं आणि प्रोसेसर व हीटसिंक यांच्यामधल्या चिमूटभर पेस्टनंही उतरले असते. टॉवरची स्वतःची कमाई उरलेले १६ अंश. त्या १६ अंशांनी जुन्या यंत्राचं काय भलं झालं ? या काळातल्या इंटेलच्या बहुतेक प्रोसेसरांची आतली मर्यादा शंभराच्या आसपास असते, तिथे पोचल्यावर ते आपला वेग उतरवतात. त्या खाली असेतोवर ६० अंशांवर हिशेबाचा तक्ता जितक्या वेळात उघडतो तितक्याच वेळात ७६ वर उघडतो. थंड झाला म्हणून जुना आय३ धावू लागत नाही. टॉवरचा खरा फायदा शांततेचा आहे, मोठा पंखा हळू फिरतो आणि कमी घोंघावतो. रात्री ध्वनिमुद्रण करणाऱ्यानं किंवा एकाच खोलीत झोपणाऱ्या-काम करणाऱ्यानं त्यासाठी पैसे मोजले तर त्यात गैर काही नाही. मात्र 'वेग वाढेल' म्हणून मोजले तर तो फसला.

त्याच हिशेबात आणखी एक गंमत दडली आहे. खोली जितक्या अंशांनी उतरते तितकेच अंश प्रोसेसरही उतरतो, कूलर कुठलाही असो. माळव्यातली मे महिन्यातली दुपार कोरडी असते, त्यामुळे खिडकीतला पाण्याचा कूलर इथं जोमानं चालतो. त्यानं खोली ३८ वरून ३० वर आणली, तर वरच्या हिशेबातला ७६ चा आकडा ६८ होतो. म्हणजे टॉवरच्या कमाईचा अर्धा वाटा खिडकीतल्या खोक्यानं फुकटात मिळवून दिला, आणि माणसालाही गारवा मिळाला तो वेगळाच. फक्त त्या खोक्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नये, कारण त्यातून येणारी ओल आणि बारीक तुषार आत बसलेल्या धुळीचा चिखल करतात. पावसाळ्यात हवा दमट झाली की हा उपाय संपतो, पण तोवर उन्हाळाही संपलेला असतो. (इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथली हवा मुंबईपेक्षा सहाएक टक्के विरळ, तेव्हा पंख्याला थोडी कमी हवा मिळते, असाही मुद्दा कुणी काढतो. खरा आहे. पण धुळीच्या चकतीपुढे त्याचा बाऊ करण्यात अर्थ नाही.)

दुकानात आणखी एक शस्त्र वापरलं जातं, ते भीतीचं. "प्रोसेसर उड़ जाएगा." ही भीती पंचवीस वर्षं जुनी आहे. २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या प्रसिद्ध संगणकविषयक प्रकाशनानं चालू यंत्रांवरचे हीटसिंक काढून काय होतं त्याची चित्रफीत दाखवली होती. एएमडीचा ॲथलॉन धूर सोडून मेला. पेंटियम ४ मंदावला, पण जिवंत राहिला. त्या चित्रफितीनं जगभर खळबळ उडाली. तेव्हापासून पुष्कळ पाणी वाहून गेलं आहे. आज दुरुस्तीला येणाऱ्या यंत्रांमधला प्रोसेसर, इंटेलचा असो वा एएमडीचा, तापला की आधी वेग उतरवतो आणि तरी भागलं नाही तर यंत्र बंद करतो. ऐन कामात यंत्र पटकन बंद पडणं हा त्याचा बचाव आहे, मरण नव्हे. या भीतीला खतपाणी घालणारा एक आकडाही फिरत असतो. आय५-२४०० च्या माहितीत ७२.६ अंश असं छापलेलं आहे, आणि काहींनी त्यावरून 'बहात्तरच्या वर गेला की संपला' असा निष्कर्ष काढला. तो आकडा प्रोसेसरच्या धातूच्या टोपीच्या पृष्ठभागाचा आहे. संगणकाच्या पडद्यावर जे तापमान दिसतं ते आतल्या गाभ्याचं असतं, आणि ते टोपीपेक्षा बरंच वर असतं.

तेव्हा कूलर निवडण्याआधी रोग कुठे आहे ते पाहावं लागतं. ते पाहायला एक साधी खूण पुरते : तापमान चढतं कसं ? तापमान दाखवणारा एखादा मोफत प्रोग्राम उघडून यंत्राला जड कामाला लावावं आणि आकड्यावर नजर ठेवावी. आकडा एक-दोन सेकंदांत चाळिशीवरून नव्वदीवर उडी मारत असेल, तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांची गाठच पडलेली नाही. पेस्ट वाळून खडूसारखी झाली आहे किंवा एखादी खुंटी सुटली आहे. आकडा दहा-पंधरा मिनिटं रांगत रांगत वर जात असेल, तर उष्णता हीटसिंकपर्यंत पोचते पण तिथून हलत नाही, म्हणजे धूळ, मरगळलेला पंखा किंवा भिंतीला चिकटवून ठेवलेलं कॅबिनेट. आणि तापमान साठीतच असताना यंत्र बंद पडत असेल, तर बिचाऱ्या कूलरचा काही संबंध नाही, एसएमपीएस, म्हणजे वीजपुरवठ्याचा खोका, तपासावा, मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर पाहावेत. यातल्या एकाही प्रसंगी 'टॉवर लगवा लो' हे पहिलं उत्तर नाही.

खुंटीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इंटेलच्या डब्यातल्या पंख्याची खरी दुबळी बाजू तीच आहे आणि टॉवरवाले नेमकी तीच बोलून दाखवत नाहीत. चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या खुंट्या. पांढऱ्या दुभंगलेल्या टोकातून काळा दांडा खाली उतरतो आणि टोक फाकवून मदरबोर्डला आवळून धरतो. दहा वर्षं उष्णता खाऊन हे प्लास्टिक ठिसूळ होतं. वर पाहिलं तर चारही खुंट्या बसल्यासारख्या दिसतात. बोर्ड उलटा करून पाहावं, तर तिघींचे काळे दांडे पांढऱ्या टोकांतून डोकावत असतात आणि चौथीचा पत्ता नसतो. हीटसिंक एका कोपऱ्यात केसभर वर उचललेला, आणि त्या केसभर फटीत हवा. हवा उष्णता किती वाईट वाहते हे सांगायला एक तुलना पुरे : ॲल्युमिनियम तिच्याहून हजारो पटींनी चांगलं वाहतं. बसवताना समोरासमोरच्या, म्हणजे कर्णावरच्या खुंट्या जोडीनं दाबाव्यात, प्रत्येकीचा 'कट्' ऐकावा आणि शेवटी मागून चारही टोकं डोळ्यांनी मोजावीत. खुंटी मोडली असेल तर सुट्या खुंट्या मिळतात आणि त्यांची किंमत टॉवरच्या खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपासही नसते.

एएमडीच्या जुन्या यंत्रांत खुंट्या नाहीत, तिथे प्लास्टिकच्या चौकटीला अडकणारी धातूची पट्टी आणि एक खटका असतो. तो सोडवायला सोपा. धोका वेगळाच आहे. जुनी पेस्ट सिमेंटसारखी धरलेली असते, घाईत हीटसिंक सरळ वर ओढला की प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून त्याच्याबरोबर येतो आणि खालच्या शेकडो पिनांपैकी दोन-चार वाकतात. म्हणून यंत्र आधी थोडा वेळ चालवून कोमट करावं, बंद करून तार काढावी, आणि हीटसिंक उचलण्याआधी हलकेच डावी-उजवीकडे पिळावा. हे काम करणारे हात जेल रोडवर आहेत. प्रश्न त्यांना काय करायला सांगितलं जातं याचा आहे.

आता खरोखरच कूलर बदलावा लागतो असे प्रसंग उरतात. पंख्याचं बेअरिंग गेलं आणि तो खरखरत थांबतो, चौकट तुटली, किंवा जुनं यंत्र घेताना कूलरच मिळाला नाही. इथे 'मोठा तो चांगला' या सूत्राला जागाच नाही. वहाण पायाच्या मापाची लागते, आणि या धंद्यात माप तीन मिलिमीटरनं चुकतं. इंटेलच्या ७७५ सॉकेटच्या बोर्डावर, म्हणजे कोअर २ ड्युओच्या काळात, शेजारशेजारच्या दोन भोकांतलं अंतर ७२ मिलिमीटर. २००९ पासून आलेल्या ११५६, ११५५, ११५०, ११५१ आणि पुढच्या १२०० पर्यंत ७५. मध्येच १३६६ हा ८० मिलिमीटरचा पाहुणा येऊन गेला, आणि २०२१ च्या १७०० सॉकेटनं ७८ घेतलं. ७२ आणि ७५ चे डब्यातले पंखे शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. जोर लावून एकाला दुसऱ्याच्या जागी बसवायचा प्रयत्न केला की खुंटी मोडते, आणि बोर्ड वाकला तर त्याच्या आतले बारीक मार्गही तुटू शकतात. एएमडीनं एएम२ पासून एएम३ पर्यंत आणि एफएम मालिकेत ९६ बाय ४८ मिलिमीटरची भोकं ठेवली, २०१६ च्या एएम४ ला ती ९० बाय ५४ केली. गंमत म्हणजे चौकटीला पट्टीनं अडकणारे जुने कूलर एएम४ च्या चौकटीवरही बसतात, स्क्रूवाले मात्र बसत नाहीत.

मापाचा दुसरा फटका उंचीत बसतो. कचेऱ्यांतून निघालेले डेलचे ऑप्टिप्लेक्स ७०१० आज असंख्य घरांत आणि शिकवण्यांत आहेत. त्याच्या छोट्या आकाराच्या कॅबिनेटची रुंदी ९.३ सेंटीमीटर. टॉवरांमध्ये जगभर गाजलेला कूलरमास्टरचा हायपर २१२ इव्हो १५.९ सेंटीमीटर उंच. म्हणजे कॅबिनेटच्या बाहेर निदान साडेसहा सेंटीमीटर डोकं काढूनच तो बसणार. मोठ्या मिनी टॉवर आकाराचं कॅबिनेट १७.५ सेंटीमीटर रुंद आहे, पण त्यातून पत्रा, बोर्डाखालची टेकणं, बोर्ड आणि सॉकेट वजा केलं की झाकण लागत नाही. मग ते बाजूचं पान कायमचं उघडं राहतं, आणि 'उघडं ठेवा, हवा खेळेल' असं त्याचं समर्थनही केलं जातं. कॅबिनेटची रचना पुढून हवा घेऊन मागून टाकण्यासाठी केलेली असते. झाकण काढलं की तो प्रवाह मोडतो, धूळ चहूकडून येते आणि घरात मूल असेल तर त्याची बोटंही. शिवाय अशा ब्रँडेड यंत्रांत पंख्याची पिनही पुष्कळदा वेगळी असते. डेलच्या काही मॉडेलांत पाच पिनांची, आणि आपला पंखा दिसला नाही तर यंत्र दर वेळी सुरू होताना पंखा बिघडल्याची तक्रार करतं. तिथे त्याच मॉडेलचा मूळ कूलर शोधणं हाच शहाणपणा. जुन्या बाजारात तो मिळतो.

साध्या बोर्डांवर चार पिनांचा पंखा घ्यावा, कारण चौथ्या तारेवरून बोर्ड त्याचा वेग कमी-जास्त करतो. तीन पिनांचाही त्याच जागी बसतो, फक्त काही बोर्डांवर तो सदा पूर्ण वेगानं घोंघावतो.

आणि एक मुद्दा, जो या सगळ्या वादात सर्वात कमी बोलला जातो. डब्यातला पंखा हवा वरून खाली मारतो. ती हवा हीटसिंकमधून निघून मदरबोर्डवर पसरते, प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या बाजूच्या सुट्या भागांना आणि रॅमला वारा घालते. भारतात भरमसाट खपलेल्या एच६१ चिपसेटच्या स्वस्त बोर्डांवर त्या सुट्या भागांवर हीटसिंकच नसतो, ते या वाऱ्याच्याच भरवशावर जगतात. टॉवरची हवा बोर्डाला समांतर, पुढून मागे जाते. प्रोसेसर साठ अंशांवर खुशीत असतो आणि त्याच्या शेजारचे वीज पुरवणारे भाग निवांत भाजत असतात. प्रोसेसरवर बसणाऱ्या पाण्याच्या कूलरमध्ये तर तिथे बहुधा पंखाच नसतो. म्हणून अशा बोर्डासाठी योग्य पर्याय मूळ जातीचाच, खाली हवा मारणारा, आणि मिळाला तर तळाशी तांब्याचा गोल गाभा असलेला. पूर्ण ॲल्युमिनियमच्या भावापेक्षा तो उष्णता लवकर ओढतो, बसतो त्याच भोकांत, आणि काही शे रुपयांत येतो. ९५ वॉटच्या आय५ साठी हाच घ्यावा. त्याहून वर, एफएक्स-८३५० सारखा १२५ वॉटचा प्रोसेसर असेल आणि कॅबिनेट रुंद असेल, तर टॉवरचा विचार जरूर करावा, बोर्डाच्या वीजभागांवर हीटसिंक आहे ना ते पाहून.

प्रोसेसरच्या पाण्याच्या कूलरबद्दल इतकंच : ६५ वॉटच्या यंत्रावर तो पंप, नळ्या आणि गळतीची शक्यता एवढं नवीन दुखणं विकत घेऊन येतो.

पेस्टचंही अवडंबर फार माजलं आहे. सोनेरी नळीतली, चांदीच्या भुकटीची, अमुक आकड्याची. जुन्या यंत्राला कुठलीही बरी पेस्ट चालते, वाटाण्याएवढी, मधोमध. जुनी आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढली पाहिजे, नाहीतर नवीचा उपयोग नाही. शेवेच्या दुकानातल्या हीटसिंकलाही पंखा वेगळा करून याच अल्कोहोलची अंघोळ लागते, कोरडा ब्रश तिथे हरतो. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरावं, नाहीतर तो भन्नाट फिरून स्वतःचं बेअरिंग खातो. आणि एक मर्यादा कुठल्याच पेस्टनं ओलांडता येत नाही. इंटेलनं २०११ च्या पिढीत चिप आणि टोपी यांच्यामध्ये धातूचं डाखकाम वापरलं होतं, २०१२ च्या पिढीत त्या जागी पेस्ट आली. म्हणून ७७ वॉटचा आय५-३४७० हा ९५ वॉटच्या थोरल्या भावापेक्षा कधी कधी चढा आकडा दाखवतो. तो टोपीच्या आतला मामला आहे, वर कितीही उंच मनोरा बांधला तरी त्यात फारसा फरक पडत नाही.

दुसऱ्या टोकाला एक वेगळाच पंथ आहे. त्यांच्या मते ही सगळी चर्चाच व्यर्थ : चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी लागते, तेव्हा हे यंत्र भंगारात घाला. वरून शहाणपणाचं वाटणारं हे मत टॉवरवाल्यांच्या मताचंच भावंड आहे. दोघंही यंत्राचं वय पाहतात, त्याच्या पोटातला नमदा पाहत नाहीत. ज्या संगणकावर बिलं निघतात, हिशेब चालतात किंवा मुलगी लिनक्सवर प्रोग्रॅमिंग शिकते, त्याला थंड ठेवायला चार आणेच लागतात. बारा आण्यांचा मसाला टॉवरवाल्यांनी सांगितलेला आहे. आणि भंगारात घालायचंच असेल तर तेही नीट व्हायला हवं. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेले ई-कचऱ्याचे नियम आहेत, इंदूरच्या घंटागाडीतही ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे. चालतं यंत्र केवळ तापतं म्हणून त्या कप्प्यात जाऊ नये.

तेव्हा सीपीयू फॅन आणायला निघण्याआधी घरीच पाच मिनिटं काढा. यंत्र बंद करा, तार काढा, बाजूचं पान उघडा. मुलाच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन एका भोकाच्या डाव्या कडेपासून शेजारच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर मोजा, तिरपं नाही, बाजूनं. ७२ की ७५, कागदावर लिहा. त्याखाली प्रोसेसरचं नाव, पंख्याच्या पिना किती, आणि बोर्डापासून झाकणापर्यंतची उंची. जुना पंखा निघाला तर तोही पिशवीत टाका. मग जेल रोडला जा, आणि समोरचा 'टॉवर' म्हणाला की तो कागद त्याच्यापुढे ठेवा.